विद्यार्थी देशभरचे, बाकं ज्याची त्याची

केंद्र सरकारच्या 'एनआयआरएफ' या राष्ट्रीय क्रमवारीत उच्चशिक्षण संस्थांना ज्या पाच निकषांवर तोललं जातं, त्यांतला एक आहे 'पोहोच आणि सर्वसमावेशकता'. एकूण मूल्यांकनात त्याचा वाटा दहा टक्के. या निकषाच्या १०० गुणांपैकी ३० गुण विद्यार्थी कुठून आले यावर मिळतात: २५ परराज्यांतून आलेल्यांच्या प्रमाणावर, ५ परदेशांतून आलेल्यांच्या प्रमाणावर. पुण्यातल्या नावाजलेल्या संस्थांना हे गुण मिळवायला फार घाम गाळावा लागत नाही, शहराच्या नावावरच विद्यार्थी येतात. पण मोजलं जातं ते एवढंच की प्रवेशअर्जावर कोणतं राज्य लिहिलं आहे. इंफाळहून आलेली मुलगी आणि जिंतूरहून आलेला मुलगा तीन वर्षं एका वर्गात बसले आणि एकमेकांशी दहा वाक्यंही बोलले नाहीत, तरी गुण तेवढेच.

बहुरंगी शहरात शिकलं की शिक्षण समृद्ध होतं, हे माहितीपुस्तिकेतलं लाडकं वाक्य. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. शहर माणसं आणून सोडतं. ती एकमेकांच्या कामाला येतील की नाही, हे वसतिगृहातल्या खोल्यांचं वाटप, प्रकल्पाचे गट, वेळापत्रक, मेसच्या वेळा, भाडेकराराची कागदपत्रं अशा अगदी रुक्ष गोष्टींवर ठरतं. या गोष्टी महाविद्यालयाच्या हातात असतात आणि बहुतेक महाविद्यालयं त्या कारकुनीवर सोडून देतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

पुण्याकडे भांडवलाची कमतरता नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८८५ मध्ये फर्ग्युसन, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ, १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट. १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली ती मुळात परदेशी विद्यार्थ्यांना या शहरात आपलेपणा वाटावा म्हणून, स्वतःची महाविद्यालयं तिने नंतर काढली. इराणी विद्यार्थी इथे काही पिढ्या येत आहेत. अफगाणिस्तान, येमेन आणि आफ्रिकेतले देश यांतले विद्यार्थीही आहेत. जम्मू-काश्मीरमधली मुलं २०११-१२ पासून पंतप्रधान विशेष शिष्यवृत्तीवर देशभरच्या महाविद्यालयांत जातात, पुण्यातही येतात. शिवाय मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली हजारो मुलं-मुली आहेतच. माहितीपुस्तिकेतल्या 'विविधते'त यांना सहसा धरलं जात नाही, कारण ती मराठी बोलतात. अक्कलकुव्याहून आलेला भिल्ल मुलगा आणि पुण्याच्या सुखवस्तू प्रभात रोडवरची मुलगी यांच्यातलं अंतर पुणे आणि लखनौ यांच्यातल्या अंतरापेक्षा कमी आहे, असं समजायला काहीच आधार नाही.

शहरात राहणं आणि शहराकडून शिकणं या किती वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाहायचं तर सदाशिव किंवा नारायण पेठेत जावं. तिथल्या खोल्या 'कॉट बेसिस'वर जातात. भाडं खोलीचं नसतं, खाटेचं असतं. एका खोलीत चार-पाच लोखंडी खाटा, खाटेखाली बॅग आणि पुस्तकांचं खोकं, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि हाताने आखलेलं अभ्यासाचं वेळापत्रक. संडास-बाथरूम सामाईक. जेवण मेसमध्ये किंवा डब्याचं. दिवस अभ्यासिकेत जातो आणि तिथेही महिन्याच्या फीवर खुर्ची ठरलेली. खाट मोकळी झाली की ती गावाकडच्या पुढच्या पोराला मिळते, त्यामुळे एखादी खोली वर्षानुवर्षं एकाच तालुक्याची राहते. स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा चार-पाच वर्षं पुण्यात काढतो आणि त्याचं पुणे असतं खाट, खुर्ची आणि मेस यांच्या त्रिकोणाएवढं. दोष त्याचा नाही. त्याच्याकडे पैसे मोजके, वेळ त्याहून मोजका, आणि शहराकडे नेणारी एकही वाट त्याला कुणी करून दिलेली नाही.

विद्यापीठात शिकणाऱ्यांचंही वेगळं नाही, फक्त त्रिकोण जरा मोठा असतो. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमुळे बंगळुरू, पुणे, चेन्नई इथून ईशान्येतले हजारो विद्यार्थी आणि नोकरदार मिळेल त्या गाडीने घरी निघाले. पुण्यात त्याआधी काही तरुणांवर हल्ले झाले होते, तेव्हा भीती निराधार नव्हती. पण अफवेला तोंड द्यायचं तर विश्वासाचं माणूस लागतं: 'थांब, मी येतो तुझ्याकडे' असं म्हणणारा वर्गमित्र, घरी झोपायला बोलावणारी मैत्रीण. अशी माणसं पुरेशी असती तर स्टेशनवरची गर्दी एवढी झाली नसती, असं मला वाटतं. त्या आठवड्यात जे दिसलं ते आधीच्या अनेक वर्षांच्या शेजाराचं मोजमाप होतं.

एकत्र आणल्याने पूर्वग्रह कमी होतात का, हा प्रश्न जुना आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये त्याला चार अटी घातल्या: एकत्र येणाऱ्यांचा दर्जा त्या कामापुरता समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी, आणि संस्थेचा त्याला उघड पाठिंबा हवा. त्यानंतर पुष्कळ काम झालं. त्यातलं भारतातलं आपल्या जास्त उपयोगाचं. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात बाराशेहून अधिक तरुण घेतले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. कोणाच्या संघात कोण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. दुसऱ्या जातीचे खेळाडू ज्यांच्या संघात होते, त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या. दुसऱ्या जातीचे खेळाडू ज्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून आले, त्यांच्या कमी झाल्या. मैदान तेच, खेळ तोच, फरक फक्त कुठल्या बाजूला उभं केलं याचा.

अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांचं दिल्लीतलं काम मला याहूनही बोलकं वाटतं. सवलतीच्या सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या तिथल्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. राव यांनी श्रीमंत घरांतल्या मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं. ती मुलं अधिक उदार झालेली दिसली, गरीब मुलांबरोबर खेळायला अधिक तयार झाली. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट आढळली, हिंदी-गणितात नाही. त्यातला खरा मासला असा: काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरांनुसार केले जात. ज्या मुलाचं नाव वर्णानुक्रमात गरीब मुलाच्या नावाजवळ येत होतं, तो त्याच्याबरोबर गटात पडत होता, आणि परिणामाचा मोठा भाग या प्रत्यक्ष सहवासातूनच येत होता. म्हणजे नुसतं वर्गात असणं पुरेसं नव्हतं, एका गटात काम करणं लागत होतं.

उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत कॅरेल, सॅसरडोट आणि वेस्ट या अभ्यासकांनी तुकड्यांची रचना मुद्दाम बदलून पाहिली. अभ्यासात कच्चे आणि हुशार विद्यार्थी एकत्र ठेवले, म्हणजे कच्च्यांना फायदा होईल असा हिशेब. झालं उलटंच. कच्चे विद्यार्थी आणखी मागे पडले, कारण तुकडी एक असली तरी आत दोन टोळ्या झाल्या. दोन टोकांना जोडणारे मधले विद्यार्थी त्या तुकड्यांतून काढून वेगळे बसवले होते. चांगल्या हेतूने आखलेली सरमिसळ कशी फसते, याचं हे उत्तम उदाहरण आहे. पुढे गट पाडताना ते लक्षात ठेवावं लागेल.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही, आणि आपण तो अमेरिकेकडून शिकावा अशीही गरज नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली: मराठा, जैन, मुस्लिम, आणि अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येक समाजाचं वेगळं. त्या काळात तेच शक्य होतं. खेड्यातला मुलगा आधी शहरात टिकायला हवा, त्यासाठी त्याला आपल्या माणसांचं छप्पर हवं. जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढची पायरी चढली. साताऱ्यातल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. त्या घरात मुलांना जोडणारं सूत्र भाषण नव्हतं. पीठ मळणं, पाणी भरणं, शेतात राबणं अशी कामं होती, जी एकट्याला उरकणारी नव्हती. ऑलपोर्टच्या चारही अटी तिथे पूर्ण होत होत्या आणि त्याचं पुस्तक यायला अजून पाव शतक होतं.

आज आपण या दोन पायऱ्यांपैकी पहिलीवर आहोत. समाजकल्याणचं वसतिगृह वेगळं, आदिवासी विकास विभागाचं वेगळं, इतर मागास प्रवर्गाचं वेगळं, आणि महाविद्यालयाच्या आवारातलं, सगळ्यात सोयीचं, ज्याला फी परवडते त्याचं. विभागवार वसतिगृहं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. ती नसती तर हजारो मुली पुण्यापर्यंत पोचल्याच नसत्या. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली, तिचे पुण्यासारख्या शहरातले आकडे पाहा: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००, एकूण वर्षाला ६०,००० रुपये. दहा महिन्यांनी भागलं तर निवासाला महिना दोन हजार. एवढ्यात पुण्यात मिळाली तर खाट मिळते, तीही पैसे वेळेवर आले तर. हप्ता उशिरा आला की मुलगा उधारीवर राहतो, आणि उधारी गावाकडच्या ओळखीवरच मिळते. मग तो पुन्हा आपल्याच तालुक्याच्या खोलीत. 'ही मुलं मिसळत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्या प्राध्यापकांनी आधी ही वजाबाकी करावी.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत अडसर आणखी साधा असतो. १८० दिवसांहून मोठा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत विदेशी नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. घरमालकालाही परदेशी भाडेकरू आल्याचा फॉर्म २४ तासांत ऑनलाइन भरावा लागतो. ज्या घरमालकाने हे कधी केलेलं नाही, तो 'कटकट नको' म्हणून नकार देतो. ज्याने केलेलं आहे तो परदेशी मुलांनाच खोल्या देत राहतो. त्यात 'फक्त शाकाहारी', 'बॅचलर नको' या पाट्यांची भर. थोड्या वर्षांत काही गल्ल्या परदेशी मुलांच्या होतात आणि मग लोक म्हणतात, यांना आपापल्यात राहायला आवडतं. महाविद्यालयाच्या एका लिपिकाने जून ते सप्टेंबर घरमालकांना हा फॉर्म भरून दिला, भाडेकरार आणि पोलीस पडताळणीचे कागद सांभाळले, तर निम्मा अडसर दूर होईल. याला धोरण लागत नाही, एक टेबल लागतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो वर्गातल्या कामाचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात जी पदवीची रचना आली, तिच्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) आहेत. क्षेत्रीय कामाला एका श्रेयांकाचे ३० तास. दोन श्रेयांकांचा प्रकल्प म्हणजे ६० तास, पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. कागदावर ही फार मोठी संधी आहे. प्रत्यक्षात काय होतं? गट विद्यार्थ्यांनी आपले आपण करायचे. त्यामुळे एका वसतिगृहातले एकत्र, एका शाळेतून आलेले एकत्र, दुचाकीवाले एकत्र. उरलेल्यांचा 'उरलेल्यांचा गट'. मग गूगल फॉर्म तयार होतो, तो आपापल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो, शंभर उत्तरं जमतात, ती सगळी वर्गमित्रांची आणि चुलत भावंडांची. चार 'पाय-चार्ट', वीस पानं, स्पायरल बाइंडिंग. पुणे शहराबद्दलच्या अहवालात पुणे शहर कुठेच नसतं.

हे बदलायचं तर सुरुवात गटापासून. गट शिक्षकाने करावेत, पण हजेरी क्रमांकाने नव्हे, कारण प्रवेशाच्या फेऱ्यांनुसार लागलेल्या क्रमांकांत एकाच प्रकारचे विद्यार्थी सलग येऊ शकतात. अर्ध्या पानाचा फॉर्म पुरतो: शाळेचं माध्यम, घरात बोलली जाणारी भाषा, मूळ तालुका किंवा राज्य, राहणं घरी की बाहेर, लॅपटॉप आहे का, नोकरी करत असल्यास कोणत्या वेळा. जात आणि धर्म विचारू नये. त्याची गरज नाही, आणि विचारलं की फॉर्मवरचा विश्वास जातो. पाच जणांच्या गटात एकाच माध्यमाचे दोनपेक्षा जास्त नकोत. त्याच वेळी कुणालाही 'एकमेव' ठेवू नये: मुली असतील तर किमान दोन, दूरच्या राज्यातले असतील तर शक्यतो दोन. काश्मीरच्या शिष्यवृत्तीच्या मूळ नियमांत एका शाखेला अशा जागा दोनच. त्या दोघांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाकलं की समानतेचं वाटप होतं आणि दोन मुलं एकटी पडतात. आणि हवाई दलाचा धडा विसरू नये. गटात दोन टोकं असतील तर मधलाही एक हवा: जिल्ह्याच्या ठिकाणी निमइंग्रजी माध्यमात शिकलेला, दोन्हीकडची भाषा कामापुरती येणारा विद्यार्थी. गट तोच धरून ठेवतो.

मग विषय असा हवा की जो पाचांपैकी कुणा एकाला एकट्याने करता येणार नाही. गुलटेकडीचं मार्केट यार्ड घ्या. टोमॅटो, कांदा, मेथी यांतला एक माल निवडायचा आणि त्याचा भाव चार ठिकाणी लिहायचा: शेतकऱ्याला मिळालेली हिशेबपट्टी, आडत्याच्या गाळ्यावरची विक्री, मंडईतला गाळा, उपनगरातली हातगाडी. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा तक्ता चुकतो. टोमॅटो क्रेटमध्ये येतात आणि घाऊक भाव दहा किलोचा बोलला जातो. मेथी, कोथिंबीर शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर. हातगाडीवर तीच मेथी एका जुडीने आणि टोमॅटो पाव किलोने. जुडीही सगळीकडे सारखी नसते, किरकोळ विक्रेता एका मोठ्या जुडीच्या दोन करतो. कोचीहून आलेली अर्थशास्त्राची विद्यार्थिनी सगळे आकडे सरळ किलोत टाकते आणि मेथीचा नफा अवाच्या सवा निघतो. तो चुकला आहे हे मंचरकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला एका नजरेत कळतं, पण का चुकला हे तक्त्यात मांडायचं कसं, हे त्याला तिच्याकडून शिकावं लागतं. पट्टीत हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा झालेलं दिसतं, आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, मात्र दिसत नाही. का? कारण २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम झाला. मग ती भावात आधीच धरली जाते का? इथून खरा अर्थशास्त्राचा तास सुरू होतो, आणि हे उत्तर कुठल्याही तयार नोट्समध्ये मिळत नाही.

या गटातही एक धोका आहे आणि तो हमखास येतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत भूमिका गोठतात. मराठी मुलगा कायम प्रश्न विचारणारा आणि सामान उचलणारा, इंग्रजी शाळेतली मुलगी कायम लिहिणारी आणि सादरीकरण करणारी. मग सादरीकरणाला टाळ्या आणि चांगला शेरा तिलाच. समान दर्जाची अट इथे मोडते आणि सगळी सरमिसळ नोकर-मालकासारखी होऊन बसते. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: दर तीन आठवड्यांनी कामं फिरवायची. ज्याने माहिती गोळा केली त्याने त्या टप्प्याचं टिपण लिहायचं नाही, दुसऱ्याला समजावून लिहून घ्यायचं. लिहिणाऱ्याने पुढच्या टप्प्यात गाळ्यावर उभं राहायचं, मोडक्या मराठीत का होईना. गुणही तसेच वाटायचे. पन्नासांपैकी वीस गटाला, वीस प्रत्येकाच्या तोंडी परीक्षेला, दहा रोजच्या नोंदवहीला. तोंडी परीक्षेत कुणालाही कुठल्याही भागावर प्रश्न येईल, आणि उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत, ज्याला जे जमेल त्यात.

आणखी काही बारीकसारीक, ज्यावर असे प्रकल्प बुडतात. गटाची बैठक कॉफीच्या दुकानात ठरते, तिथे एका कपाला दीड-दोनशे रुपये लागतात आणि मेसवर जेवणारा मुलगा 'काम आहे' म्हणून टाळतो. रात्री नऊला ऑनलाइन बैठक ठरवली, तर एका खोलीत पाच खाटा असलेल्याने बोलायचं कुठे? म्हणून बैठकीचे दोन तास वेळापत्रकातच हवेत, दुपारच्या आधी, कारण दुपारनंतर अनेक जण नोकरीला जातात. घाऊक बाजार पहाटे भरतो. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक तेव्हा बंद असतं, तेव्हा रेक्टरला दोन दिवस आधी लेखी यादी आणि बरोबर एक शिक्षक, एवढी सोय करावी लागते. ती केली नाही की मुलींना 'तुम्ही लायब्ररीचं काम करा' असं सांगितलं जातं, आणि सत्र संपेपर्यंत त्यांना बाजार दिसत नाही.

विद्यापीठ शहरात उतरलं की काय होऊ शकतं, याचं पुण्यातलं उदाहरण जगभर सांगितलं जातं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या मंडळींनी कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केलं, त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. साक्षरता वर्ग चालवायला गेलेल्यांना कळलं की बायकांना आधी स्वच्छ, सुका कचरा हातात यायला हवा आहे. हा शोध वर्गात बसून लागला नसता. विद्यार्थ्यांच्या साठ तासांच्या प्रकल्पातून अशी संस्था निघेल अशी अपेक्षा कुणी करू नये. पण प्रश्न बदलून परत येणं, एवढं तरी निघायला हवं.

भाषेबद्दल दोन्ही बाजूंनी नाटक चालतं. परराज्यातला विद्यार्थी तीन वर्षं 'भैया, कितना हुआ'वर काढतो आणि मराठी मुलगा वर्गात इंग्रजीच्या भीतीने गप्प बसतो. महाविद्यालयाचं उत्तर काय, तर एथ्निक डे. सगळ्यांनी नऊवारी, फेटे, मेखला घालून फोटो काढायचे. फोटो काढायला हरकत नाही, पण त्याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणू नये. भाषेच्या दोन श्रेयांकांत अमराठी मुलांना संतांचे अभंग रोमन लिपीत पाठ करायला लावण्याऐवजी बोलण्याची मराठी द्यावी: रिक्षा, दवाखाना, बाजार, घरमालक, सरकारी कार्यालयातला अर्ज. आणि सरावाला जोडीदार म्हणून मराठी माध्यमाचा विद्यार्थी द्यावा, त्याला त्या शिकवण्याचे श्रेयांकही द्यावेत. ज्या मुलाला वर्षभर फक्त 'तुझं इंग्रजी सुधार' ऐकायला मिळतं, तो आठवड्यातले दोन तास तरी शिक्षक असतो.

यात सगळ्यात कमी बदलतो तो पुण्याचाच विद्यार्थी. तो घरून येतो, घरी जातो, शाळेतले मित्र बरोबर असतात, दुचाकी असते, आणि शहर आपल्याला माहीत आहे अशी त्याची खात्री असते. बहुतेकदा त्याने भवानी पेठ पुलावरून पाहिलेली असते. खोल्यांच्या वाटपाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून त्याला गाठायला प्रकल्पाचा गट हा एकच मार्ग उरतो.

आक्षेप दोन येतात. पहिला, ही जबरदस्ती आहे, मैत्री लादता येत नाही. बरोबर आहे, आणि मैत्री लादायची नाहीच. प्रयोगशाळेत कोणाबरोबर टेबल वाटून घ्यायचं हे महाविद्यालय ठरवतं, तेव्हा कुणी स्वातंत्र्याचा प्रश्न काढत नाही. काम वाटून द्या, मैत्री ज्याची त्याने पाहावी. ज्या मुलीला खोलीत छळ सोसावा लागतो तिला मात्र त्याच दिवशी खोली बदलून मिळाली पाहिजे, तिथे प्रयोग वगैरे काही नाही. दुसरा आक्षेप, बाहेरचे आले की आपल्या मुलांच्या जागा जातात. जागांचं वाटप हा वेगळा वाद आहे आणि तो प्रवेशाच्या नियमांत सोडवावा. इथे प्रश्न आहे तो प्रवेश झालेल्यांचा. ते आलेच आहेत, तर आपल्या मुलांना त्यांच्याकडून काही मिळू नये, ही कुठली हुशारी?

वसतिगृहाच्या बाबतीत सूचना छोटी आहे. पहिल्या वर्षाच्या खोल्या शाखेनुसार किंवा राज्यानुसार न देता त्याच अर्ध्या पानाच्या फॉर्मवरून द्याव्यात. तिघांच्या खोलीत तिन्ही एका जिल्ह्याचे नकोत, तिन्ही पूर्ण अनोळखी भाषांचेही नकोत. झोपेच्या वेळा मात्र जुळवाव्यात, कारण खोलीतली निम्मी भांडणं दिव्यावरून होतात. खोली बदलण्याचे साधे अर्ज दिवाळीच्या सुट्टीनंतरच घ्यावेत. पहिल्या तीन आठवड्यांत आलेले बहुतेक अर्ज 'आमच्या गावचा एक तिकडे आहे' असे असतात. मेस एकच असावी, शाकाहारी आणि मांसाहारी वाढपाचे काउंटर वेगळे असले तरी टेबलं वेगळी नसावीत. मेस समितीवर दर महिन्याला वेगळ्या खोल्यांतले दोघं घ्यावेत आणि त्यांना भाजीच्या खर्चाचा हिशेब दाखवावा.

या सगळ्यात पैसा फार नाही, पण एका ठिकाणी तो लागतोच. पुष्कळ महाविद्यालयांत आज शिकवणारे मोठ्या संख्येने तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना व्याख्यानाच्या तासाचे पैसे मिळतात. पहाटे चारला गटाबरोबर मार्केट यार्डात उभं राहणं, नोंदवह्या वाचणं, पाच जणांची तोंडी परीक्षा घेणं, हे त्यांच्या बिलात बसत नाही. म्हणून ते गूगल फॉर्मला होकार देतात, आणि त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. साठ तासांच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांचे साठ तास मोजले जातात, शिक्षकाचे मोजायला विद्यापीठाने अजून रकाना ठेवलेला नाही. तो रकाना आधी आला पाहिजे, गटांचे फॉर्म त्यानंतर छापता येतील.